सायनला जाणारं गाणं

आमच्या व्याह्यांच्या हाती जगातलं कुठलंही गाणं द्या, ते त्याला दहा मिनिटांत मिसर देशात नेऊन उभं करतील आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याच्यामागे इंग्रज सरकार लावून देतील. गाणं कुठल्या भाषेतलं, कुणासाठी लिहिलेलं, कशासाठी गायलेलं, असल्या बारीकसारीक गोष्टींनी त्यांचं काही अडत नाही. रेडिओवर एखादी नायिका साध्यासुध्या प्रेमानं नायकाला बागेत बोलावत असली, तरी व्याही हातातला कप खाली ठेवणार आणि "बाग आली!" म्हणणार. बाग आली म्हणजे एदेन आलं, एदेन आलं म्हणजे फळ आलं, फळ आलं म्हणजे मनाई आली. "आणि मनाई कोण करतं, पाहुणे? ज्याची बाग असते तो. आपल्याकडे बागा कुणाच्या होत्या? साहेबाच्या बंगल्याच्या!" इथवर पोचेपर्यंत रेडिओवर बातम्या लागलेल्या असतात आणि ती बिचारी नायिका बागेत ताटकळत उभीच असते.

व्याही म्हणजे माझ्या सुजाताचे सासरे. राहायला अंबरनाथला, आणि नोकरी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात, बॉयलरवर. लहानपणी ते मिशनच्या बोर्डिंगात होते. घरात खाणारी तोंडं फार आणि बोर्डिंगात दोन वेळचं जेवण नक्की, म्हणून वडिलांनी त्यांना तिथं ठेवलेलं. धर्म त्यांनी घेतला नाही. घरात छप्पन सालीच बौद्ध धर्म आलेला होता आणि तो त्यांना पुरेसा होता. पण सात वर्षं रोज संध्याकाळी मराठी बायबल मोठ्यानं वाचावं लागे, त्यामुळे गुलाम माणसांना मिसर देशातून सोडवून नेणारा मोशे, त्यांचा पाठलाग करणारा राजा फारो, बाबेल, यार्देन नदी ही सगळी मंडळी त्यांना आपल्या आळीतल्या माणसांसारखी ओळखीची झाली. बॉयलरला ते नबुखद्नेस्सराची भट्टी म्हणत. त्या राजानं शद्रख, मेशख आणि अबेदनगो ही तीन माणसं पेटत्या भट्टीत टाकली आणि तिन्ही न जळता बाहेर आली, अशी बायबलात गोष्ट आहे. बॉयलरवरही तीन पाळ्यांत तीन माणसं. तेव्हा व्याह्यांनी स्वतः शद्रख हे नाव घेतलं, दुसऱ्या पाळीच्या मिश्राजींना मेशख केलं आणि तिसऱ्या पाळीला पांडे येत, त्यांना अबेदनगो अशी हाक मारायला सुरुवात केली. 'मेशख' हा आपल्याच आडनावाचा मराठी उच्चार असावा अशा समजुतीनं मिश्राजी ओ देत. पांडे मात्र तडक मॅनेजरकडे गेले. "साहब, ये आदमी रोज मुझे 'अबे' करके बुलाता है," अशी त्यांची तक्रार होती. व्याह्यांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये उभं राहून दानीएलाचं पुस्तक तिसऱ्या अध्यायापासून समजावून सांगितलं. मॅनेजरनं त्यांना समज दिली की कामाच्या वेळात पुस्तकं सांगू नयेत.

माझी आणि त्यांची पहिली भेट सुजाताला बघायला आले तेव्हाची. आम्ही बदलापूरचे. घर लहान, माणसं चार, पण बायकोनं पोहे दहा जणांना पुरतील एवढे केले होते. मुलगा, म्हणजे मिलिंद, खाली मान घालून बसलेला. विहीणबाई पडद्यांकडे बघत होत्या. मुलीला काय विचारायचं ते विचारा, असं मी रीतीप्रमाणे म्हणालो. व्याही पुढे सरकले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाळ, गाण्यात नदी आली की काय समजायचं?" माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. सुजातानं मात्र क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "कुणाला तरी पलीकडे जायचंय, असं समजायचं." व्याही मागे टेकले. "मुलगी पसंत आहे," म्हणाले. मिलिंदला कुणी विचारलंच नाही. मी त्या दिवशी रात्री बायकोला म्हणालो की माणूस जरा सटकलेला दिसतो. ती म्हणाली, "सटकलेला आहे, पण तिला प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेणारा सासरा आहे. असे किती मिळतात?"

लग्नात त्यांनी बँड थांबवला. वरात रस्त्यावर आलेली, बँडवाल्यांनी नागिणीची चाल धरलेली, आणि मिलिंदचे मित्र दातांत रुमाल धरून डांबरी रस्त्यावर लोळत होते. अशा वेळी वरपित्यानं फेटा सावरत फार तर चार पावलं नाचावं. आमचे व्याही हात वर करून बँडच्या पुढ्यात उभे राहिले. "थांबा!" ढोल थांबले. पोरं रस्त्यावर आडवीच राहिली. "हा लाल कोट बघा," व्याही सगळ्या वऱ्हाडाला उद्देशून म्हणाले. "हा आपल्या गावचा आहे का? ही पलटणीची वर्दी. साहेब गेला आणि जाताना आपली वर्दी आपल्या पोरांच्या अंगावर टाकून गेला. आणि ह्या वर्दीतून कोण बाहेर आलं? साप! एदेन बागेतला पहिला पाहुणा!" बँडमास्तर उल्हासनगरचा होता. त्यानं आयुष्यात खूप वराती पाहिल्या असणार, पण असा प्रसंग त्याच्यावर आला नसावा. त्यानं क्लॅरिनेट काखेत मारलं आणि अदबीनं विचारलं, "चाचा, साँप रखें कि निकाल दें?" माझी बायको मागून ओरडली, "निकाल दो!" आणि वरात पुढे सरकली.

मला ह्या सगळ्याचा राग येत असे, हे कबूल केलं पाहिजे. मी ड्राफ्ट्समन. आमच्या धंद्यात सलग रेघ म्हणजे दिसणारी कड आणि तुटक रेघ म्हणजे आडची, न दिसणारी कड. हे अर्थ ठरलेले आहेत. तुटक रेघेला मिसर देश आठवला, असं कुणी म्हणू लागलं तर यंत्र कधी उभं राहणार नाही. त्यातून व्याह्यांचं सांगणं ऐकताना मान डोलवावी लागे, कारण मुलगी त्यांच्या घरात दिलेली. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण सुजाताचा पाय मुरगळला तेव्हा हा माणूस पाळी संपवून आला, गणवेश न बदलता तिच्या पायाला शेक देत बसला, आणि वर लंगड्या याकोबाची गोष्ट सांगितली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग ती कॅसेट आली. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी दुकानदार कॅसेटी भरून द्यायचा. सीड्यांचे दिवस आले होते, पण व्याह्यांचा टू-इन-वन कॅसेटीवरच चाले. त्या दुकानदारानं त्यांची आवड ओळखून एक कॅसेट बाजूला काढून ठेवली होती आणि तिच्यावर 'इंग्लिश भजन' अशी चिठ्ठी चिकटवली होती. "साईं, पूरा धार्मिक माल है," तो म्हणाला. "मोसेस है, जेहोवा है, सब है. और ड्रम भी अच्छा है." ती होती दूरच्या बेटांवरची गाणी. ज्यांच्या खापरपणज्यांना साहेबानं जहाजात कोंबून उसाच्या मळ्यांवर राबायला नेलं, त्या लोकांची. ती माणसं जुलमी राज्याला बाबेल म्हणतात, धन्याला फारो म्हणतात आणि एके दिवशी आपण इथून निघणार असं ढोलाच्या तालावर सांगतात. बायबल आणि साहेब एकाच गाण्यात! व्याह्यांना तर घरबसल्या घबाड मिळालं. आजवर दोन्ही गोष्टी त्यांना गाण्यात बाहेरून घालाव्या लागत होत्या, इथे त्या आयत्या होत्या. आठवडाभर त्यांनी ती कॅसेट थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून ऐकली. कॅसेटबरोबर शब्दांचा कागद नव्हताच. त्यांनी कानावर येईल ते उतरवून घेतलं, आणि रविवारी मला फोन केला.

"पाहुणे, लगेच या. गाण्यात सायन आहे."

मी गेलो. त्यांनी कॅसेट लावली. ती घासून घासून इतकी झिजली होती की गाणारा विहिरीच्या तळातून गात असावा असं वाटे. पण सगळ्यांत शेवटी तो खरोखरच काहीतरी 'सायन, सायन' असं म्हणत होता. 'आम्ही सायनला जाणार', असा एकूण भाव. आमच्या बदलापूर-अंबरनाथकडे सायनचं नाव निघतं ते तिथल्या मोठ्या इस्पितळापायी. अमक्याला सायनला नेलं, एवढंच सांगतात, आणि ऐकणारा खुर्चीवर बसतो. त्या सायनला समुद्रापलीकडची माणसं ढोल वाजवत का जातील, असं मी विचारलं. व्याही ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. "सायनचं मूळ नाव काय? शीव. शीव म्हणजे हद्द. इंग्रजांची मुंबई शीवेला संपायची. पलीकडे साष्टी, तिथे त्याचा हुकूम चालत नव्हता. आता विचार करा, पाहुणे. आपल्याकडची माणसं साहेबानं जहाजात भरली. ती तिकडे बेटावर ऊस तोडताहेत आणि म्हणताहेत की परत जाऊ, सायनची हद्द ओलांडू, की सुटलो! त्यांचा वचनदत्त देश हाच. शिळफाट्याच्या अलीकडे!" मी म्हणालो, "पण मग आपण तर आधीपासूनच पलीकडे आहोत. आपण सायनला कशाला जायचं?" ह्यावर ते प्रथमच गप्प झाले. मला वाटलं जिंकलो. पंधरा दिवसांनी माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोन आला. नाव नाही, गाव नाही, एकच वाक्य. "हद्दीला दोन्ही बाजू असतात, पाहुणे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर सायनला ऊत आला. बारशाला सायन, वाढदिवसाला सायन, विहारात वर्षावासाचं प्रवचन संपलं की चपला घालता घालता सायन. सुजाताला दिवस गेले तेव्हा तर ते तिला समोर बसवून रोज संध्याकाळी ते गाणं ऐकवत. पोटातल्या बाळाला अर्थ कळला पाहिजे म्हणून मराठीत. ती हसायची. माझं डोकं तापायचं. शेवटी एका शनिवारी मी बदलापूर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेलो, गाण्यातले तीनचार शब्द टाकून ते गाणं शोधून काढलं आणि त्याचे सगळे शब्द कागदावर छापून घेतले. तिथे सायन नव्हतं. झेड, आय, ओ, एन. झायन. म्हणजे मराठी बायबलातला देवाच्या नगरीचा सीयोन डोंगर, जो व्याह्यांनी बोर्डिंगात सात वर्षं रोज मोठ्यानं वाचला होता! घरात रोज भेटणाऱ्या माणसाला रस्त्यात ओळखू नये, तसं झालं होतं. त्या शब्दाखाली मी लाल पेन्सिलीनं पट्टी लावून रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सुजाताचं डोहाळजेवण होतं, अंबरनाथलाच. सगळे पाहुणे जमल्यावर कागद उघडायचा, असं मी ठरवलं. कागद खिशात ठेवून मी त्या रात्री फार छान झोपलो.

डोहाळजेवण झालंच नाही. आम्ही पोचलो तेव्हा सुजाता पाटावर बसायच्या आधीच डोकं धरून पलंगावर बसली होती. तिचं तोंड सुजलं होतं. डोळ्यांपुढे चमकतंय असं म्हणाली. आठवा महिना नुकता लागलेला. जवळच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्तदाब मोजला आणि आम्हा दोघा बापांना बाजूला घेतलं. "दाब फार चढलाय. बाळ आजच काढावं लागेल, नाहीतर दोघांना धोका आहे. आणि एवढ्या लहान बाळाला काचेची पेटी लागणार, ती आमच्याकडे नाही. वेळ घालवू नका. सायनला न्या."

सायनला न्या. मी भिंतीला टेकलो. आमच्या बायकोच्या हातात अजून ओटीचा नारळ होता, तो तिनं कुणाकडे द्यावा ते तिला कळेना. ॲम्ब्युलन्स आली. मिलिंद आणि ती मागे सुजाताजवळ बसली, नर्स बसली, आणि आम्ही दोघे पुढे ड्रायव्हरशेजारी कोंबून बसलो. मागच्या आणि पुढच्या भागात एक लहानशी सरकती काच होती. ॲम्ब्युलन्स निघाली. काटई नाका जवळ आला तेव्हा त्या काचेतून सुजाताचा आवाज आला. आवाज इतका बारीक की मला आधी तो तिचा वाटलाच नाही.

"पप्पा, बोला ना काहीतरी. ते सायनचं सांगा." सासऱ्यांना ती पप्पा म्हणत असे.

त्या क्षणी माझ्या खिशात तो कागद होता. खरा, छापलेला, रेघ मारलेला. त्याचा काही म्हणता काही उपयोग नव्हता. व्याह्यांनी तोंड काचेकडे वळवलं आणि सुरुवात केली. "हा काटई नाका, बाळ. मिसरची वेस. इथून आपण सुटलो." शिळफाट्याला ट्रकांची रांग लागली होती. "बघ, फारोचे रथ. अडकून पडलेत. आपली गाडी बाजूनं निघाली." महाप्यावरून ऐरोलीच्या पुलावर चढलो तेव्हा ते म्हणाले, "हा तांबडा समुद्र. मोशेला पाणी दुभंगावं लागलं. आपल्याला पूल आहे, एकच गोष्ट." मागून बारीक आवाज आला, "पूल कुणी बांधला, पप्पा?" व्याही म्हणाले, "आपल्याच माणसांनी, बाळ. साहेब गेल्यावर." ती हसली. मला काचेतून तिचे दात दिसले. माझ्या मुलीला त्या गाडीत हसवणारा माणूस मी त्याच दिवशी चारचौघांत तोंडघशी पाडायला निघालो होतो, ह्याची मला इतकी लाज वाटली की मी रस्त्याकडे बघत बसलो.

पूल उतरल्यावर तिनं डोळे मिटले. नर्स म्हणाली, पडू द्या. व्याह्यांनी काच हळूच सरकवून बंद केली. मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता, आणि बॉयलरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात असा थंड असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"पाहुणे, एक सांगतो. तिला सांगू नका," ते कुजबुजले. "त्या गाण्यात कुणी पोचत नाही."

"म्हणजे?"

"नुसतं जाणार, जाणार असं आहे. मी कितीदा ऐकलं. मागेपुढे करून ऐकलं. सगळी निघतात, पण पोचल्याचं कडवं नाही. एकाही गाण्यात नाही. माझा बाप म्हणायचा, छप्पन साली आम्ही निघालो तेवढं चांगलं झालं, पोचलो का ते तुम्ही बघा. मी आयुष्यभर गाण्यांत तेच बघतोय. नाही मिळत."

माझ्याजवळ शब्दांचा कागद होता आणि त्यातही पोचल्याचं कडवं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ड्रायव्हर आमच्याच बाजूच्या एका गावातला आगरी माणूस. त्यानं समोर बघतच म्हटलं, "काका, गान्यान नसतील पोचत. मी रोज पोचतंय." आणि हॉर्नवर हात ठेवून त्यानं गाडी अशी काढली की पुढचं आम्ही दोघेही दांडी धरूनच बघितलं.

इस्पितळात सुजाताला थेट आत नेलं. एक सिस्टर धावत आली, रक्त लागणार होतं. "लिहून घ्या, वॉर्ड, नंबर, गट. कागद आहे का कुणाकडे?" मी खिशात हात घातला आणि हाताला लागला तो कागद पुढे केला. सिस्टरनं त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहिलं, आणि व्याही तो घेऊन रक्तपेढीकडे पळाले. ते जिन्याच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर मला कळलं की मी त्यांच्या हातात काय दिलं. असल्या दिवशी, असल्या ठिकाणी, कॉरिडॉरच्या बाकावर बसून माणसानं आपण दहा महिने लावत आलेल्या सगळ्या अर्थाची अशी वासलात लागलेली वाचावी, हे माझ्या हातून झालं होतं. ते परत आले तेव्हा कागद घडी घालून त्यांच्या वरच्या खिशात होता. माझ्याशेजारी बसले. आम्ही दोघे त्या बंद दाराकडे बघत राहिलो.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग दार उघडलं आणि एक तरुण डॉक्टर मुलगी बाहेर आली. तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला. "मुलगी झाली. दीड किलोच्या आसपास आहे, पेटीत ठेवलंय. पण बाहेर येताच रडली, चांगली रडली. आईचा दाब उतरतोय." माझा जीव भांड्यात पडला. बायको नारळासकट खाली बसली. हो, तो नारळ तिच्या हातात अंबरनाथपासून होता. मिलिंद भिंतीकडे तोंड करून रडत होता. मी व्याह्यांकडे पाहिलं. आता मोशे येणार, आता टोपलीत वाहत आलेलं बाळ येणार, अशी मी वाट बघत होतो, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. पण ते नुसते उभे होते. दाराच्या चौकटीला एक हात लावून, तोंड उघडं ठेवून, गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटबाहेर चहा घेत होतो. सुजाताला आम्ही भेटून आलो होतो, ती पेज मागत होती. व्याह्यांनी वरच्या खिशातून तो कागद काढला, उघडला आणि माझ्यापुढे धरला. लाल रेघ चांगली ठळक होती. पट्टी लावून मारलेली.

"पाहुणे, हे तुम्ही शोधून आणलंत?"

"हो," मी म्हणालो. खोटं तरी काय बोलणार?

"म्हणून तर तुम्हाला मानतो. रेघ मारून ठेवलीत ते बरं केलंत, नाहीतर माझ्या नजरेतून सुटलं असतं. छपाईत घोळ केलाय हो ह्यांनी. सायनला झेड लावलाय!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथे थट्टा नव्हती, कडवटपणा नव्हता. रात्रभर जागलेल्या माणसाचा समाधानी चेहरा होता.

"साहेबाला आपली गावं लिहिता आली कधी?" ते पुढे म्हणाले. "ठाण्याचं टाना केलं, कल्याणचं कॅलियन केलं. सायन तरी कसं धड लिहील? काय म्हणता तुम्ही? चूकच आहे ना?"

मी नीट बघितलं. त्या चार अक्षरांवर बोट ठेवून बघितलं, जसं ऑफिसात तपासणीला आलेलं ड्रॉइंग बघतो. "चूकच आहे," मी म्हणालो. "सरळ सरळ चूक आहे." आयुष्यात मी चुकीच्या ड्रॉइंगवर सही केली ती तेवढी एकदाच, आणि तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

सव्वीस दिवसांनी आम्ही दोघींना घरी आणलं. जीप केली होती. पोरगी विहीणबाईंच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेली, सगळी मिळून एका वितीएवढी दिसत होती. वाटेत पूल आला, शिळफाटा आला, काटई आलं. व्याही एका शब्दानं बोलले नाहीत. घरी पोचल्यावर बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्या आत गेल्या, आणि आम्ही दोघेच दारात उरलो. तेव्हा ते माझ्याकडे न बघता, गुन्हा कबूल केल्यासारखे म्हणाले, "पाहुणे, त्या गाण्याला एक कडवं जोडलंय मी. पोचल्याचं. चालीत बसत नाही." आणि म्हणून दाखवलं.

आम्ही पोचलो. दार उघडलं.
लेकीचं दुखणं उतरलं, नात रडली.
आम्ही घरी आलो.

मी थांबलो. आता ते उलगडतील म्हणून. ते चपला काढू लागले. तेव्हा मीच विचारलं, आयुष्यात पहिल्यांदाच आणि अगदी मनापासून, "ह्यातलं दार म्हणजे काय समजायचं?"

"दार म्हणजे दार, पाहुणे," ते म्हणाले. "मी त्याच्यापाशी उभा होतो." त्यांनी डोळे पुसले आणि नातीला बघायला आत गेले.

आता ती पोरगी शाळेत जाते, आणि व्याही तिच्या बालवाडीच्या गाण्यांमध्ये फारो शोधतात. कॅसेट कधीच तुटली. त्यांचा एक कान आता काम करत नाही, त्यामुळे गाण्यांत पूर्वीपेक्षा बरंच काही सापडतं. तब्येत पूर्वीची नाही. मी अधूनमधून त्या कडव्याचा विषय काढतो, तर ते म्हणतात, "कुठलं? ते होय. ते काही खास नव्हतं, विसरलो." त्यांनी ते कुठं लिहूनही ठेवलेलं नाही. मला पाठ आहे.